कान वाजतात तेव्हा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सर्वांच्या उपयोगाचं काहीतरी वीस मिनिटांत सांगायचं, असा संयोजकांचा हुकूम आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते म्हणून मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला. मला कानांवर बोलायचं आहे, नेमकं सांगायचं तर कान वाजण्यावर.

याचं कारण आपला ग्रुपच आहे. मेळाव्याची तयारी चालू असताना मी ग्रुपवर सहज विचारलं होतं, "कोणाचे कान वाजतात का? आत शिट्टी, किर्रर्र, भुणभुण असं काही?" ग्रुपवर दोन हसरे चेहरे आले आणि विषय संपला. पण त्याच रात्री काही जणांचे मला वेगळे मेसेज आले. एकाने लिहिलं, गेली पाच वर्षं वाजतायत, बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. एका मैत्रिणीने लिहिलं, रात्री पंखा बंद झाला की मला घाबरायला होतं. ग्रुपवर मात्र कोणी बोललं नाही. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण माझेही दोन्ही कान चार वर्षांपासून वाजतात, आणि या विषयावर भरवशाचं जे मिळालं ते मी वाचून काढलं आहे. तेच तुमच्यापुढे ठेवते.

गप्प बसण्याचं एक कारण आपल्या भाषेतच आहे. कोणी म्हणालं, "मला कोणीतरी हाक मारल्यासारखी वाटली," की आपण पटकन म्हणतो, "तुझे कान वाजले असतील." म्हणजे कान वाजणं म्हणजे भास. मग ज्याचे कान खरोखर वाजतात त्याने सांगायचं कसं? सांगितलं की घरचे म्हणणार, मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नकोस. आमच्या एका नातेवाइकांनी तर मला नमस्कारच केला. अनाहत नाद ऐकू येतोय, भाग्यवान आहेस, म्हणाले! मी म्हटलं, काका, योग्यांचा नाद वेगळा असेल, माझा आपला प्रेशर कुकरचा आहे.

तर पहिली गोष्ट ही, की हा भास नाही. वेडाचं लक्षण तर अजिबात नाही. बाहेर आवाज नसताना ऐकू येणाऱ्या या आवाजाला इंग्रजीत टिनिटस म्हणतात आणि आपल्याकडे कर्णनाद. सुश्रुतसंहितेत कानाचे जे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत त्यांत कर्णनाद आहे, इतका तो जुना आहे. बेथोव्हेनने १८०१ साली आपल्या डॉक्टर मित्राला लिहिलेल्या पत्रात, कानात रात्रंदिवस आवाज चालतात, अशी तक्रार केली होती. तेव्हा तो ऐन तिशीत होता. स्मेताना नावाच्या चेक संगीतकाराने १८७६ साली एक चतुष्टक रचलं. त्याच्या शेवटच्या भागात व्हायोलिनवर अचानक एक उंच सूर लागतो आणि ताणून धरला जातो. बहिरेपण येताना त्याच्या कानात जी शिट्टी वाजत होती, ती त्याने तशीच रचनेत घातली होती.

आणि हे दुर्मीळही नाही. जगभरातल्या अभ्यासांची बेरीज करून २०२२ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना कर्णनाद असतो, म्हणजे जगात ७४ कोटींहून अधिक माणसांना. पण तीव्र त्रास असणारे सुमारे २ टक्के निघाले. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. आवाज १४ जणांना येतो आणि जगणं कठीण होतं ते दोघांचं. बाकीचे बारा जण काय करतात? आजचं माझं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी आवाज येतो कुठून ते पाहू. विज्ञानाच्या तासाला बाईंनी फळ्यावर कानाची आकृती काढली होती. बाह्यकर्ण, मध्यकर्ण, आंतरकर्ण. आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखासारखं ते वेटोळं, म्हणजे कर्णावर्त. त्या वेटोळ्यात प्रत्येक कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्या हलतात आणि त्यांच्या हलण्याचे विजेचे संदेश नसेतून मेंदूकडे जातात. वेटोळ्याच्या सुरुवातीला उंच सुरांच्या पेशी, आणि आत टोकाशी खर्जाच्या. माणसाच्या बाबतीत या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जन्माला येताना मिळालेला साठा आयुष्यभर पुरवायचा असतो.

वय, मोठे आवाज आणि काही औषधं यांनी हा साठा झिजतो आणि बहुधा उंच सुरांकडून झिजायला लागतो. त्या पट्ट्यातून मेंदूला संदेश कमी यायला लागतात. मग मेंदू काय करतो? कार्यक्रमात वक्त्याचा आवाज पोचत नसला की आपला साउंडवाला काय करतो तेच करतो, व्हॉल्यूम वाढवतो. माइकवर कोणी बोलत नसताना व्हॉल्यूम वाढवत गेलं तर स्पीकरमधून काय ऐकू येतं? नुसती खरखर. कर्णनादाबद्दल आज जी समजूत सर्वांत जास्त मान्य आहे ती साधारण अशी आहे. ज्या पट्ट्यात ऐकणं कमी झालं, तिथलं मेंदूचं अँप्लिफायर वाढलेलं असतं आणि नसांमधली मुळातली हालचालच आवाज म्हणून ऐकू येते. म्हणूनच बऱ्याच जणांची शिट्टी त्याच उंच सुरांत असते जिथे ऐकणं घटलेलं असतं.

या आवाजाचं ठाणं फक्त कानात नसतं, याचा एक पुरावाही आहे. कानाच्या नसेवरच्या गाठीसाठी काही रुग्णांची ती नस शस्त्रक्रियेत कापावी लागते. तो कान पूर्ण बहिरा होतो, तरी त्यांतल्या अनेकांचा कर्णनाद चालूच राहतो.

आता उलट बाजूने बघा. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकणं चांगलं असलेल्या ८० माणसांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. ९४ टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज लिहिला. म्हणजे पुरेशी शांतता मिळाली तर जवळजवळ प्रत्येकाच्या आत थोडी खरखर असतेच. तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, एवढंच.

मग बारा जण शांत झोपतात आणि दोघे तळमळतात, यात फरक कसला? आपल्याला वाटेल, त्या दोघांचा आवाज मोठा असणार. पण तपासणीत बाहेरचा आवाज जुळवून बघतात, तेव्हा बहुतेकांचा कर्णनाद त्यांना जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा थोडाच वर निघतो. आणि मोजलेला आवाज किती, यावरून त्रास किती असेल हे सांगता येत नाही. त्रास ठरतो तो मेंदू त्या आवाजाला काय समजतो यावर.

हे इचलकरंजीकरांना मी समजावून सांगायची गरज नाही. आपल्यापैकी निम्मे जण मागांच्या खटखटीत वाढले. भिंतीपलीकडे धोट्याचे माग रात्रपाळीला चालू, आणि अलीकडे आपण गाढ झोपलेले. पाहुणे यायचे त्यांना रात्रभर झोप लागायची नाही आणि सकाळी आपल्याला म्हणायचे, तुम्ही या आवाजात राहता कसे? आपल्याला जाग यायची ती केव्हा? लाइट गेली, माग थांबले, सगळं शांत झालं की. आई अंथरुणातूनच म्हणायची, "गेली बघ लाइट." आवाज कानावर तर दोघांच्याही पडत होता, पाहुण्यांच्याही आणि आपल्याही. आपल्या मेंदूने एकदा ठरवून टाकलं होतं की हा आवाज धोक्याचा नाही, याचं काही करायचं नाही. पाहुण्यांच्या मेंदूने ते ठरवलेलं नव्हतं. कान सरावतात असं आपण म्हणतो, पण सरावतो तो मेंदू.

कर्णनादाच्या बाबतीत हे सरावणं अडतं, कारण आपण घाबरतो. हा आवाज म्हणजे बहिरेपण येतंय का? डोक्यात गाठ आहे का? आयुष्यभर असाच राहणार का? भीती वाटली की मेंदू त्या आवाजावर पहारा बसवतो. पहारा बसला की आवाज जास्त ऐकू येतो. तो जास्त ऐकू आला की भीती वाढते आणि झोप उडते. झोप नसली की दुसऱ्या दिवशी सगळंच जास्त टोचतं. पावेल जास्ट्रेबॉफ या शास्त्रज्ञाने १९९० साली हे चक्र मांडलं आणि तेव्हापासून उपचारांची दिशा बरीच बदलली. आवाज मारून टाकण्याच्या मागे न लागता, या चक्राचा एक दुवा तोडायचा.

माझ्या कामातही हे रोज दिसतं. सर्व्हरवर देखरेख करणारी यंत्रणा काही बिघडलं की इशारा देते. काही इशारे खोटे असतात. खोट्या इशाऱ्यालाही प्रत्येक वेळी दचकून उठून आपण लॅपटॉप उघडत बसलो तर आठवड्यात आजारी पडू. पण तो इशारा खोटाच आहे हे आधी तपासून खात्री करावी लागते. न तपासता दुर्लक्ष केलं तर एखादे दिवशी खरा बिघाड हातातून जातो. कानाचंही तसंच आहे. क्रम महत्त्वाचा आहे. आधी तपासणी आणि मग दुर्लक्ष.

तपासणीसाठी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे एकदा जायलाच हवं. पण काही वेळा थांबायचं नसतं. त्या खुणा सांगते, कृपया लक्षात ठेवा.

पहिली, अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं, सकाळी उठलो तर एक कान बंद. दडा बसला असेल, सर्दी असेल, उतरेल दोन दिवसांत, असं म्हणून घरी बसायचं नाही. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठायचा. आतल्या नसेचं ऐकणं अचानक गेलं असेल तर स्टिरॉइडचे उपचार असतात आणि ते जितके लवकर, तितका उपयोग. पहिले दोन आठवडे फार मोलाचे.

दुसरी, आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, धस् धस् असा. तो रक्तवाहिन्यांशी संबंधित असू शकतो, त्याची वेगळी तपासणी लागते.

तिसरी, फक्त एकाच कानात सतत वाजत असेल किंवा एका कानाने दुसऱ्यापेक्षा कमी ऐकू येत असेल. बहुतेक वेळा त्यातून काही गंभीर निघत नाही, पण नसेवर गाठ नाही ना, हे पाहायला डॉक्टर एमआरआय सांगू शकतात.

चौथी, सोबत गरगरत असेल, चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटत असेल, डोक्याला मार लागल्यावर सुरू झालं असेल किंवा कानातून पू येत असेल.

एरवी तपासणी साधी असते. डॉक्टर कानात बघतात. कधी कधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो आणि तो काढला की आवाज जातो. मळ त्यांनाच काढू द्या. हेअरपिन, काडी, चावी यांनी कान कोरायचा नाही आणि कोमट तेलही ओतायचं नाही, पडद्याला छिद्र असेल तर ते आत जातं. मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी. रक्तदाब, रक्तातलं लोह, थायरॉइड हेही गरजेप्रमाणे बघतात. तुम्ही कोणती औषधं घेता ते न विसरता सांगा. ॲस्पिरिनचे मोठे डोस, क्विनाइन, क्षयरोगासाठी दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसिन-अमिकासिनसारखी इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिसप्लॅटिन, यांचा कानावर परिणाम होऊ शकतो. पण स्वतःच्या मनाने कुठलंही औषध बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. जबडा आवळला किंवा मान वळवली की आवाज बदलत असेल तर तेही सांगा. दात खाण्याची सवय किंवा मानेचं दुखणं यांचाही त्यात हात असतो.

समजा, तपासणी झाली आणि गंभीर काही निघालं नाही. इथेच बहुतेकांची गाडी अडते. मला एका डॉक्टरांनी दीड मिनिटात सांगितलं, "याला औषध नाही, सवय करून घ्या." वाक्य खोटं नव्हतं. कर्णनाद कायमचा घालवणारी गोळी आज खरंच उपलब्ध नाही. पण सवय करून घ्या, एवढंच सांगणं म्हणजे विहिरीच्या काठावर उभं करून पोहायला शीक म्हणण्यासारखं आहे. आपल्या लहानपणी निदान पाठीला डबा तरी बांधायचे! सवय करण्याच्या रीती आहेत, त्या आता सांगते.

पहिली रीत, शांतता टाळायची. ऐकायला उलटं वाटेल. आवाजाचा त्रास आहे म्हणून माणूस दारं-खिडक्या लावून बसतो, कानात बोळे घालतो. पण बाहेर शांत झालं की मेंदूचं अँप्लिफायर आणखी वाढतं आणि आतली शिट्टी एकटीच उरते. काळोखात काडेपेटीची एक काडीही डोळ्यांत भरते, दिवसा दिसत नाही. म्हणून खोलीत थोडा आवाज ठेवायचा. पंखा, हळू रेडिओ, मोबाइलवर पावसाचा किंवा समुद्राचा आवाज. तो शिट्टी बुडवण्याइतका मोठा नको, तिच्यापेक्षा किंचित कमी, दोन्ही मिसळतील एवढाच. शिट्टी ऐकू येत असतानाच तिच्याकडे दुर्लक्ष करायला मेंदूने शिकायचं आहे. माझ्या उशाशी रात्रभर हळू पाऊस पडतो, उन्हाळ्यातसुद्धा.

दुसरी रीत, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र. चष्मा आपण चाळिशीत हसत लावला, श्रवणयंत्राला मात्र लाजतो. बाहेरचे बारीक आवाज पुन्हा आत यायला लागले की मेंदूला व्हॉल्यूम ताणावा लागत नाही आणि अनेकांचा कर्णनाद मागे पडतो. हे काम ऑडिओलॉजिस्टचं आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे. या दोन्ही सरकारी संस्था हेच काम करतात. जवळच्या शहरांतही ऑडिओलॉजिस्ट असतात. दुकानातून किंवा ऑनलाइन एखादं यंत्र उचलण्याआधी ऐकणं मोजून घ्या.

तिसरी रीत, विचारांची घडी बदलायची. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे सीबीटी, हे नाव तुम्ही चिंता-नैराश्याच्या संदर्भात ऐकलं असेल. कर्णनादासाठी ती वापरतात, तेव्हा आवाज कमी होईल असं वचन देत नाहीत. त्याने होणारा त्रास कमी होतो. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २८ अभ्यास एकत्र तपासले आणि सीबीटीने कर्णनादाचा जगण्यावरचा भार कमी होऊ शकतो, असा निष्कर्ष काढला. यात करायचं काय असतं? 'हा आवाज माझं आयुष्य खाणार' हे वाक्य मनात आलं की ते पकडायचं आणि तपासायचं. काल दिवसभरात किती वेळ तो आठवलाच नाही? मुलीशी बोलताना होता का? भाजी चिरताना? बहुतेकांना कळतं की दिवसातले कितीतरी तास तो आपल्या गावीही नव्हता. दर तासाला 'आहे का गेला' म्हणून कान देऊन बघणं बंद करायचं. मोबाइलवर त्याची नोंद ठेवत बसायचं नाही. प्रत्येक वेळी कान दिला की मेंदूला आपण सांगत असतो, हा आवाज महत्त्वाचा आहे.

चौथी रीत, झोप. ठरलेली वेळ, दुपारनंतर चहा कमी, आणि अंथरुणात जागं पडून शिट्टी ऐकत बसायचं नाही. वीस मिनिटांत झोप नाही आली तर उठायचं, काहीतरी कंटाळवाणं वाचायचं आणि डोळे जड झाले की परत जायचं. जुनी कंपनी कायद्याची पुस्तकं यासाठी उत्तम, असं आपला सीए मित्र सांगतो.

हे सगळं दोन दिवसांत होत नाही, महिने लागतात. मध्येच ताप, जागरण, ताण आला की आवाज उसळी मारतो. तेव्हा परत पहिल्यापासून सुरू झालं असं समजायचं नाही. उसळी ओसरते.

आता पैसे वाचवणारी माहिती. जिंको बायलोबाच्या गोळ्या, जस्त, मेलॅटोनिन, वेगवेगळी पूरकं कर्णनादावर सर्रास विकली जातात. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत ती कर्णनादासाठी देऊ नयेत असं स्पष्ट सांगितलं आहे. 'सात दिवसांत कर्णनाद मुळासकट' अशी जाहिरात दिसली तर पुढे जा. आणि त्रास इतका वाढला असेल की जगणंच नको वाटतंय, तर ते मनात ठेवू नका. घरात सांगा, डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करा, मराठीतही बोलता येतं. आवाज तोच असला तरी मनाचा भार हलका होतो, आणि भार हलका झाला की आवाजही मागे सरतो.

आतापर्यंत ज्यांचे कान वाजतात त्यांच्याशी बोलले. आता ज्यांचे वाजत नाहीत त्यांच्याशी.

जागतिक आरोग्य संघटनेचं इअरफोनवर ऐकण्यासाठीचं प्रमाण असं आहे: ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास. त्यानंतर आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. असं करत ९५ डेसिबलला आठवड्याला सव्वा तास उरतो आणि १०१ ला जेमतेम १९ मिनिटं. डेसिबलची पट्टी लघुगणकाची आहे. लॉगची कोष्टकं पाठ करताना, याचा आयुष्यात उपयोग काय, असं आपण सरांना विचारायचो. सर, हा घ्या उपयोग.

आता हे गणित आपल्या गावाला लावा. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० च्या वर सहज जातो आणि पाळी असते १२ तासांची. ९५ धरला तर एका पाळीत साडेनऊ आठवड्यांचा कोटा संपतो. आठवड्यात अशा सहा पाळ्या आणि अशी तीस वर्षं. आपल्या शेडमधले कामगार खुणांनी आणि ओठांच्या हालचालींवरून बोलतात, याचं लहानपणी आपल्याला कौतुक वाटायचं. घरी आल्यावर ते मोठ्याने बोलायचे, टीव्ही मोठा लावायचे, आणि आपण त्यांना चिडवायचो. आवाजाने येणारं बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेलं होतं. पण कितीतरी मागांच्या शेडमध्ये ही गोष्ट कोणाला माहीतही नसते. कामगार कानात सुताचा किंवा कापसाचा बोळा घालतात, त्याने फारसं काही अडत नाही. फोमचा इअरप्लग काही रुपयांना मिळतो. तो बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नीट बसला तर १५ ते २० डेसिबल कमी होतात. वरच्या हिशेबात १५ डेसिबल म्हणजे पाच वेळा दुप्पट, ३२ पट वेळ.

ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्या मुलामुलींनाही हेच सांगा. वाजवू नका असं मी म्हणत नाही, मिरवणूक मलाही आवडते. प्लग घालून वाजवा. डीजेच्या भिंतीसमोर लहान मूल खांद्यावर घेऊन उभे राहू नका. आणि कार्यक्रमानंतर कान सुन्न झाले, शिट्टी वाजली, तर ती दुसऱ्या दिवशी गेली म्हणजे नुकसान झालं नाही असं समजू नका. २००९ साली उंदरांवर झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात ऐकणं वरवर पूर्ववत झालं होतं, पण केसपेशी आणि नस यांच्यातल्या जोडण्या कायमच्या तुटलेल्या होत्या.

शेवटी दोन मागण्या मांडते.

पहिली घरच्यांकडे. तुमच्या माणसाने सांगितलं की कान वाजतात, तर 'लक्ष देऊ नकोस' म्हणू नका. 'काल दाखवून आलास का?' असं विचारा. रात्री पंखा चालू ठेवू द्या, गोधडी घ्या. दोनदा सांगावं लागलं तर तिसऱ्यांदा चिडू नका, समोर येऊन हळू बोला.

दुसरी संयोजकांकडे. मेळाव्याच्या शिल्लक निधीतून शाळेला काय द्यायचं, यावर ग्रुपवर महिनाभर वाद चालू आहे. वॉटर कूलर की कमान. मी तिसरं सुचवते. शाळेतल्या मुलांच्या पालकांपैकी जे मागावर जातात, त्यांच्यासाठी शाळेच्याच एखाद्या शांत वर्गात रविवारी ऑडिओमेट्रीचं शिबिर घेऊ, आणि प्रत्येकाला प्लगच्या पाच जोड्या आणि ते कसे घालायचे ते शिकवून देऊ. वर्षातून एकदा. ऑडिओलॉजिस्टशी बोलायचं आणि खर्चाचा हिशेब मांडायचा, ही दोन्ही कामं मी करते. ज्यांनी मला त्या रात्री वेगळे मेसेज केले, त्यांनी टेबल-खुर्च्या लावायला यायचं. यायचं म्हणजे यायचं. नाव विचारणार नाही.

आणि हो, संध्याकाळच्या गाण्यांच्या कार्यक्रमाचे ते दोन मोठे स्पीकर मी मघाशी पाहिले. साउंडवाल्या दादांना मी भेटून आले आहे. आवाज थोडा कमी ठेवतो म्हणाले. आपल्याला एकमेकांशी बोलायचंही आहे.